नाव पुकारल्याशिवाय ताट न्हाई

न्हाई, मला कुत्री आवडत न्हाईत. आधीच सांगून टाकतो, कारण हे पुस्तक वाचून कुणीतरी म्हणणारच की केरबा गवंड्याला कुत्र्यांचा लई लळा, म्हणून त्यानं लिवलं. तसं काही न्हाई. कुत्र्याच्या लाळेनं धोतर घाण होतंय. ओला कोबा दिसला की ते मुद्दाम त्याच्यावरनंच चालतंय, आन् एकदा पंजा उठला की तो जलमभर तसाच राहतो. आमच्या मुदखेडकडच्या कुत्र्यांच्या आसऱ्यात असले पंजे आजबी हायेत. मी बुजवायला घेतले तर आसऱ्याच्या सुशीलाबाईंनी बुजवू दिले न्हाईत. "राहू द्या केरबाभाऊ, राहणाऱ्यांच्या सह्या हायेत त्या," म्हणल्या. आता अशा माणसाला काय बोलावं.

तर सुशीलाबाईंना पंचाहत्तर पुरी झाली. त्याचा गौरवग्रंथ निघून राहिला. ग्रंथाचे लोक माझ्याकडं आले, म्हणले, तुम्ही बाईंचे जुने सहकारी, लेख द्या. पहिली वळख कशी झाली ते लिवा, मंग कार्य, मंग गुण, शेवटी शुभेच्छा. मी म्हणलो, मी सातवीपर्यंत गेलेला माणूस, मला ते ऋणानुबंध-बिणानुबंध लिवता येत न्हाई. ते म्हणले, बोलता तसं लिवा. तर हे घ्या. शुद्धलेखन तुमचं तुम्ही बघा.

पहिली वळख किनवटला झाली. जंगलाकडच्या एका निवासी शाळेत बाई मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षक होत्या, आन् मी तिथं पाण्याचा हौद बांधायला गेलो होतो. अधीक्षक म्हणजे खुर्चीवर बसून घंटी वाजवणारं माणूस, असा माझा समज. पहिल्याच दिवशी बाई पदर खोचून हौदाच्या खड्ड्यात उतरल्या आन् मला इचारलं, "हिच्यात पोरगी पडली तर वर यायला पाय कुठं ठेवील?" मी म्हणलो, "पोरीनं पडायचं कशाला?" बाई म्हणल्या, "पडणारच हाय. तुम्ही पायरी करा." पायरी केली. मला तवा लई राग आला होता, कारण पायरी म्हणजे पाणी झिरपायची जागा. पण पुढल्याच साली एक पोरगी पडली आन् त्याच पायरीवरनं वर आली, असं मला मागनं कळलं.

सांजच्याला पोरी अंगणात रांगेनं बसल्या. बाई हजेरी घ्यायल्या. हातात काही न्हाई, सगळी नावं तोंडपाठ. नाव पुकारलं की पोरगी "हाजर" म्हणायची, उठायची, ताट घ्यायची. शेवटचं नाव बाईंनी पुकारलं, "राणी." आन् भटारखान्याच्या मागनं एक डोळा गेलेली कुत्री हळूहळू चालत आली आन् रांगेच्या टोकाला बसली. तिच्या जर्मनच्या ताटलीत भाकर पडली.

मी इचारलं, "बाई, हे काय?"

"काय म्हणजे? राहती हितं. मंग हजेरीत पाहिजे का नको?"

ही रीत त्यांनी हौस म्हणून लावलेली न्हाई. बाई त्या वसतिगृहावर नव्या होत्या तवाची गोष्ट. लांबच्या पाड्यावरनं आलेली एक पोरगी ताप भरून कोठीघरात पोत्यांमागं जाऊन निजली. पंगत उठली, भांडी घासून झाली, भाकर उरली न्हाई म्हणजे सगळ्या जेवल्या असं सगळ्यांनी धरलं. पोरीचा पत्ता लागला दुसऱ्या दिवशी. ती बरी झाली, आता तिचीच पोरं कॉलेजात हायेत. पण बाईंनी तिथनं पुढं नेम केला: नाव पुकारल्याशिवाय ताट न्हाई. "भूक लागली म्हणून सगळेच येतात," म्हणल्या, "जे येऊ शकत न्हाई ते कळायला नाव घ्यावं लागतंय."

एवढीच पहिली वळख. त्याच्यापुढं दरसाल काही ना काही निघायचं, भिंत, शेगडी, संडास, आन् बाई मलाच निरोप धाडायच्या. का, ते मला म्हाईत न्हाई. कदाचित मी उलटा बोलतो म्हणून. बाईंना हांजी हांजी करणारं माणूस चालत न्हाई.

बाई रिटायर झाल्या तवा नव्या अधीक्षकांनी सांगितलं, कुत्री ठेवणार न्हाई. बाईंनी राणीला रेल्वेनं मुदखेडला आणलं. कसं आणलं इचारू नका, गार्डनं बी इचारलं न्हाई. मुदखेडच्या अलीकडं बाईंच्या वडलांची दोन एकर जमीन होती. तिथं एक खोली, एक बोअर, आन् राणी. बाईंचा भाऊ मुंबईला नोकरीवर, तो म्हणला, "आक्का, आता तरी निवांत बसा." बाई बसल्या. लई तर दोन-तीन महिने.

मंग लोकांना कळलं की हितं एक बाई हाय आन् ती डोळा गेलेली कुत्री पाळती. झालं. माणसाचं असंय, चांगलं पिल्लू सापडलं तर घरी नेतो, मोडकं सापडलं तर पत्ता इचारत फिरतो. मुदखेडला जंक्शन, गाड्यांखाली पाय गेलेली कुत्री तिथं नेहमीचीच. कुणी पोत्यात घालून आणायचं, कुणी बांधावर सोडून पळून जायचं. चिमणी आली तीन पायांची. मोत्या आला आंधळा, म्हातारा. हवालदार आला, त्याला कुणीतरी उकळतं पाणी टाकलेलं, तो माणूस दिसला की चावायचाच. देगलूरच्या बाजारातनं एक काळं आलं, त्याला मराठी कळतच नव्हतं. 'नल्ला, रा', म्हणजे तेलुगूत 'काळ्या, ये', म्हणलं की यायचं. बाईंनी त्याचं नाव नल्लाच ठेवलं आन् त्याला बोलवायपुरतं तेलुगू शिकून घेतलं. ज्या नावाला वळतंय तेच त्याचं नाव, हा बाईंचा दुसरा नेम. वसतिगृहात बी त्यांनी पोरींची नावं कुणाला बदलू दिली न्हाईत. काही गुरुजींना हौस असायची धोंडीची ज्योती करायची. बाई म्हणायच्या, "तिच्या आयनं ठेवलंय, तुम्ही कोण?"

आन् एक आला लातूरकडनं, कांद्याच्या टेम्पोत. मोठा थोराड, मान अकडलेली, अपघातात मानेला काहीतरी झालं असावं. इकडं तिकडं बघायचं तर सगळं अंग फिरवावं लागायचं. टेम्पोवाल्यानं फळका उघडला आन् म्हणलं, "पाटील, उतरा." ते उतरलं. ऐटीत उतरलं. झालं, पाटील.

आता बाईंच्या बांधाला बांध कुणाचा? बाबाराव पाटलांचा.

बाबाराव म्हणजे गावातलं वजनदार माणूस. वाईट न्हाई. तोंडाचे जरा तिखट. हळदीचं पीक, दुधाची जनावरं, आन् बांधाला लागूनच आखाडा, म्हणजे शेतातला गोठा आन् बसायची खोली. सांजचे ते तिथंच बसून असायचे.

जागा अपुरी पडायली तवा बाईंनी मला बोलावलं. कोळशानं जमिनीवरच नकाशा काढला. समोरासमोर खोल्यांच्या दोन ओळी, मधी अंगण, एका टोकाला हौद, दुसऱ्या टोकाला घंटी. मी बघितलं आन् म्हणलो, "बाई, हे तर किनवट हाय."

"मंग? किनवटला काय वाईट होतं?"

बांधलं. चांगलं बांधलं, खोटं कशाला बोलू. जमिनीला उतार असा दिला की एक बादली टाकली की धुऊन निघावं. चिमणीसारख्यांसाठी उंबरा ठेवला न्हाई. मोत्याच्या खोलीत पाण्याची कुंडी जमिनीतच पक्की बसवली, म्हणजे कुणी हलवणार न्हाई आन् त्याला शोधत फिरावं लागणार न्हाई. हवालदाराला दोन दारं, एक उघडायच्या आधी दुसरं लागलं पाहिजे. भिणाऱ्या कुत्र्याला मागं लपायला प्रत्येक खोलीत कमरेएवढी आडभिंत. पत्र्यावर कडबा आन् त्याच्यावर माती, कारण आमच्याकडं चैतात पत्रा तव्यावानी तापतोय. या सगळ्या गोष्टी बाईंनी सांगितल्या. मी एकेकीला नावं ठेवली आन् एकेक केली.

कुत्री आत गेली. आन् जे भुंकायला लागली ते थांबेचनात.

सकाळी भुंकणं, दुपारी भुंकणं. एकानं काढलं की समोरची ओळ उठायची, समोरची उठली की ही ओळ दारावर उड्या मारायची. नांदेडहून जनावरांचे डॉक्टर यायचे, सुई टोचायला आन् नसबंदीला, तेबी कानात बोटं घालायचे. बाबारावांच्या म्हशी पान्हा चोरायल्या. त्यांच्या नातीची बारावी होती. त्यांनी आधी बांधावरनं सांगितलं, मंग माणूस धाडून सांगितलं, मंग ग्रामसभेत इषय काढला.

"मी काही कुत्र्यांचा दुष्मन न्हाई," बाबाराव सभेत म्हणले. "माझ्या बी दारात कुत्रं हाय. एक भुंकलं तर राखण म्हणावं. सगळी भुंकली तर जत्रा. जत्रा बी चार दिसात उठती. ही उठतच न्हाई."

लोक हसले. बाई बी हसल्या. पण ठराव झाला तो हसण्यावारी न्हेण्यासारखा नव्हता. पोळ्यानंतरच्या सभेपर्यंत शांतता झाली तर ठीक, न्हाई तर आसरा बंद, कुत्री गावाच्या हद्दीबाहेर. हद्दीबाहेर म्हणजे कुठं? धडधाकट कुत्री बाई तशीबी लोकांना देऊनच टाकत होत्या. आसऱ्यात उरलेली ती, ज्यांना कुणी न्हेत न्हाई. आंधळ्या मोत्याला हद्दीबाहेर सोडणं म्हणजे रुळावर न्हेऊन ठेवणं. हवालदाराला सोडणं म्हणजे लोकांच्या काठ्यांच्या हवाली करणं. सभेतल्या सगळ्यांना हे मालूम होतं. म्हणूनच जो तो आपल्या चपला शोधायला लागला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी आसऱ्यात गेलो तर बाई चिमणीच्या खोलीत, आतनं कडी घातलेली, जमिनीवर मांडी घालून बसलेल्या. घामानं निथळून राहिल्या होत्या.

मी म्हणलो, "काय करून राहिलात बाई? सत्याग्रह?"

"बसा हितं. माझ्या उंचीला बसा. समोर काय दिसतंय?"

"समोरचं दार."

"दारात कोण हाय?"

"सोन्या."

"आन् तो कुणाकडं बघतोय?"

सोन्या चिमणीकडं बघत होता. डोळा हलवत नव्हता. चिमणी थरथरत होती.

बाई म्हणल्या, "पूर्ण आसऱ्यात एक मोत्या तेवढा भुंकत न्हाई. आंधळा हाय, त्याला समोरचं दिसतच न्हाई. हे मला आधीच कळायला पाहिजे होतं." मंग चिमणीच्या पाठीवर हात ठेवून म्हणल्या, "पोरींना समोर पोरगी दिसली की बरं वाटतंय, परकं घर आपलं वाटतंय. कुत्र्याला समोर कुत्रं दिसलं, आन् मधी दार, तर त्याला दिवसभर लढाईच हाय. मी पोरींचं वसतिगृह बांधलं, केरबाभाऊ. कुत्र्यांचं बांधलंच न्हाई."

आता हितं बाईंचा गुण सांगतो, कारण ग्रंथवाल्यांनी गुण लिवा म्हणलंय. दुसरं कुणी असतं तर म्हणलं असतं, गवंड्यानं सांगायला पाहिजे होतं, डॉक्टरांनी सांगायला पाहिजे होतं. बाई तशाच घामेजल्या लुगड्यानं बांध ओलांडून बाबारावांच्या आखाड्यावर गेल्या. मी मागं.

"पाटील, चूक माझी हाय. दारं चुकली. फिरवून घेते."

बाबाराव भांडायच्या तयारीनं उठले होते. ते उभेच राहिले. "म्हणजे कबूल?"

"हाव. कबूल."

"मंग मी आता काय बोलू?" बाबाराव म्हणले, आन् बसले.

परत येताना बाई मला म्हणल्या, "दारं फिरवायचीत."

"कोणती?"

"सगळी."

"बाई, भिंत फोडायची हाय, पदर फिरवायचा न्हाई. मी बांधलेलं मीच फोडू?"

"दुसऱ्यानं फोडलेलं तुम्हाला बघवेल का?"

बघवलं नसतं. मीच फोडलं. मागच्या भिंती फोडून दारं शेताच्या अंगाला काढली, एका ओळीची उगवतीला, दुसरीची मावळतीला, आन् अंगणाकडची जुनी दारं चिणून टाकली. काम चालू होतं तवर मधी आडोसा पाहिजे होता. बाईंनी तुराट्यांचे कूड बांधून घेतले, तुरीच्या वाळल्या काड्यांचे. मी शिव्या देत होतो, आन् बाई म्हणत होत्या, "भिंत लई पक्की बांधली तुम्ही, हीच अडचण हाय." ही तारीफ होती का काय, ते मी अजून ठरवलेलं न्हाई.

जसजसं एकेक दार फिरलं तसतसं भुंकणं उतरत गेलं. कुत्री दारात पडून शेताकडं बघायली. बगळे, ढोरं, रेल्वे. रेल्वेला जरा भुंकायची, पण रेल्वेला भुंकणं समजण्यासारखं हाय.

मला वाटलं, मिटलं. मिटलं न्हाई. बाबाराव बांधावर आले.

"भुंकणं बरं झालं. आता ती सांजची हजेरी तेवढी बंद करा."

कारण दिवेलागणीला बाई अंगणात उभं राहून एकेक नाव पुकारायच्या. जुनी दारं चिणल्यावर बी अंगण जेवणासाठीच ठेवलं होतं. नाव घेतलं की गंगूबाई, म्हणजे स्वैपाक करणारी, त्या कुत्र्याला सोडून आणायची आन् ताटली ठेवायची. बाईंचा आवाज वसतिगृहातला. किनवटच्या जंगलात ऐकू जायचा, मंग आखाड्यावर का जाणार न्हाई. आन् त्यात ते नाव.

"दर सांजी माझ्या आडनावानं कुत्र्याला हाक," बाबाराव म्हणले. "पाहुणे बसलेले असतात माझे. परवा सोयऱ्यानं इचारलं, तुम्हाला बोलवायलेत का? नाव बदला न्हाई तर हजेरी सोडा."

बाई म्हणल्या, "भुंकणं माझी चूक होती, ती मी दुरुस्त केली. हजेरी चूक न्हाई. ती बंद होणार न्हाई."

"आन् नाव?"

"त्या नावाला तो वळतोय. म्हाताऱ्या कुत्र्याला नवं नाव कुठनं शिकवू?"

"मंग सभेत बघू," बाबाराव म्हणले.

मी बाईंना म्हणलो, एक नाव बदला, काय बिघडतंय, सगळा आसरा त्याच्यापायी जाईल. बाई माझ्याकडं बघून नुसत्या म्हणल्या, "आज पाटील बदला, उद्या नल्लाला मराठी शिकवा म्हणतील." आन् आत गेल्या. बाईंचा हट्ट मला पसंत होता असं न्हाई. मी तवा बेजार होतो. तोडलेली भिंत मी तिसऱ्यांदा बांधणार नव्हतो, हेबी खरं.

पोळा जवळ आला आन् बाईंना ताप आला. डेंगू. नांदेडला दवाखान्यात ठेवावं लागलं. जाताना गाडीत बसून म्हणल्या, "हजेरी घ्या." मी म्हणलो, "घेतो, तुम्ही गप पडा." मला वाटलं, त्यात काय.

सांजच्याला गंगूबाईनं ताटल्या भरल्या. मी अंगणात उभा राहिलो. चार-पाच नावं मला येत होती, ती आगंमागं घेतली, तर क्रम चुकला म्हणून कुणी हललं बी न्हाई. पुढं काय? रोज ऐकून बी माझ्या डोक्यात नावं न्हाईत, कारण मी कधी लक्षच दिलं न्हाई. मी म्हणलो, जाऊ दे, सोड सगळी. गंगूबाईनं सोडली, चावऱ्या हवालदाराला तेवढं साखळीनं खुंट्याला बांधलं. नवी दोन-चार खाऊन मोकळी झाली. जुनी आपापल्या ताटलीपुढं बसून राहिली. तोंड लावेनात. मी म्हणलो, "खा." खाईनात. "अरे खा की भाड्यांनो." माझ्याकडं बघत राहिली. मोत्या तर उभाच, कान वर करून, आवाजाची वाट बघत.

गंगूबाई डोळ्याला पदर लावायली. मी म्हणलो, "तुझं रडणं ताटलीत घाल, तेवढं मीठ वाचंल." 

तेवढ्यात बांधावरनं आवाज आला. "काय झालं रे केरबा? आज हजेरी न्हाई का?"

बाबाराव होते. मी सांगितलं, बाई दवाखान्यात हायेत. ते बांध ओलांडून आले. त्या अंगणात त्यांनी कधी पाय ठेवला नव्हता. त्यांनी ताटल्या बघितल्या, कुत्री बघितली.

"खाईनात?"

"नाव घेतल्याशिवाय खात न्हाईत. आन् मला नावं येत न्हाईत."

बाबारावांनी टोपी काढली, परत घातली. मंग खाकरले आन् त्यांच्या त्या खर्जातल्या आवाजात म्हणले, "टिकली."

टिकली खाली वाकली आन् खायला लागली.

"सोन्या. चिमणी. वाघ्या. सरस्वती. हवालदार."

एकेक ताटली वाजायली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. सगळी नावं, बाई घ्यायच्या त्याच क्रमानं, कुठं अडणं न्हाई. कित्येक वर्षं आखाड्यावर बसून, कपाळाला आठ्या घालून, त्यांनी ती ऐकली होती. "नल्ला, रा," बी म्हणले. तेलुगूत. "मोत्या," म्हणले, आन् मोत्या आवाजाच्या दिशेनं आधी त्यांच्याकडं गेला, त्यांचा पाय हुंगला, मंग ताटलीकडं वळला.

"झालं," बाबाराव म्हणले. "जातो."

झालं नव्हतं. पाटील बसलेलं होतं. मान ताठ, ताटली पुढं, नजर सरळ बाबारावांकडं.

गंगूबाई म्हणली, "दादा, एक राहिलं."

"बघितलं मी."

"मंग घ्या की नाव."

"केरबा, तू घे."

मी म्हणलो, "पाटील." कुत्र्यानं माझ्याकडं बघितलं बी न्हाई. आतापर्यंत सगळी हजेरी एका आवाजानं झाली होती, मधीच दुसरा आवाज त्याला मंजूर नव्हता. दोघं पाटील एकमेकाकडं बघत बसले. मान एकाचीबी हलेना. मला हसू येऊन राहिलं होतं, मी थोबाड फिरवून हौदाकडं बघायलो.

शेवटी बाबाराव बारीक आवाजात म्हणले, "पाटील."

कुत्रं बसूनच.

"अरे पाटील," ते मोठ्यानं म्हणले, "जेव की."

आन् ते जेवलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला कुणी बोलावलं न्हाई तरी बाबाराव बांध ओलांडून आले. बाई दवाखान्यात होत्या तवर रोज आले. शेवटी शेवटी तर घंटी बी तेच वाजवायचे, आन् मी उशिरा आलो की मला बोलायचे.

पोळा झाला, सभा भरली. बाई अजून नांदेडलाच. बाईंच्या बाजूनं बोलायला मी गेलो होतो, आन् काय बोलायचं ते मला म्हाईत नव्हतं. सभा लांबली. गटारी, दिवे, मंदिराचं शेड. दिवस कलायला लागला. सरपंच म्हणले, "आता तो कुत्र्यांच्या आसऱ्याचा इषय. बाबाराव, तुमची तक्रार. बोला."

बाबाराव उठले. टोपी नीट केली. "लौकर उरका," म्हणले. "माझी हजेरीची येळ झाली."

आन् चालायला लागले. सभेत कुणाला काही कळेना, मंग हळूहळू कळलं, मंग जे हसणं झालं ते झालं. ठराव पुन्हा कुणी काढला न्हाई. आसरा तिथंच हाय.

बाई बऱ्या होऊन आल्या तवा मी सगळं सांगितलं. बाईंनी एकच इचारलं, "पाटलाचं नाव घेतलं का त्यांनी?" मी म्हणलो, "घेतलं." मंग बांधावर जाऊन म्हणल्या, "पाटील, तुम्हाला नको असेल तर नाव बदलायचं बघते."

बाबाराव म्हणले, "आता कशाला? सवय झाली त्याला."

बाईंचे उपकार लिवायचे राहिले. एकच लिवतो. माझी घरधनीण वारली तवा पोरं मला नांदेडला न्हेऊन राहिली होती, मी गेलो न्हाई. घरी चूल पेटवायचो न्हाई, कधी खायचो, कधी न्हाई, दिवसभर आसऱ्यातच असायचो. बाईंनी समजूत घातली न्हाई, घरी येऊन बसल्या बी न्हाईत. एका सांजी मी आसऱ्यात कूड बांधत होतो. हजेरी चालू होती. मोत्या झाला, नल्ला झाला, पाटील झाला. मी काम आवरायला लागलो. बाईंनी पुकारलं, "केरबाभाऊ."

मी म्हणलो, "काय?"

"काय न्हाई. हाजर म्हणा."

गंगूबाईनं ताट आणून ठेवलं. भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा. मी म्हणलो, "कुत्र्यांच्या रांगेत बसवता का?" बाई म्हणल्या, "राहता हितं, तर हजेरीत पाहिजे." तवापासनं माझं नाव शेवटचं असतंय. एखाद्या सांजी मी गेलो न्हाई की बाबाराव बांधावरनं ओरडून इचारतात, केरबा गैरहाजर का. या माणसाला कुणी सांगितलंय?

ग्रंथवाले म्हणले, शेवटी शुभेच्छा पाहिजेतच. तर घ्या. बाईंनी लई वर्षं जगावं. नुसतं जगून भागणार न्हाई, आवाज शाबूत ठेवून जगावं, आन् दात, आन् गुडघे, कारण अंगणात उभं राहावं लागतंय. शुगरची गोळी टाळू नये. बाई गेल्या तर हजेरी बाबाराव घेतील, आन् त्यांच्या त्या आवाजात जेवण गोड लागत न्हाई. हे कुत्र्यांचं म्हणणं हाय, माझं न्हाई.

आणखी दोन ओळी बाईंच्या मनाच्या मोठेपणावर लिवा, असं सांगून गेलेत. न्हाई लिवणार. दिवस कलला, घंटी वाजायली, नाव चुकलं तर बोलणं मला खावं लागतंय. आता कुणी काही इचारू नका. मी सांगणार न्हाई.